दुग्धप्रकल्पासाठी होमोजिनायझर : आधी दुधाचा विचार, मग यंत्राचा

छत्तीसगडमधील भिलाईलगतचे जामुल सिमेंट कारखान्यासाठी परिचित आहे. पोलाद आणि सिमेंटच्या या कामगारपट्ट्यात पिशवीतील दूध ही रोजची गरज असून राज्याचा सहकारी दूध महासंघ ‘देवभोग’ या नावाने दूध विकतो. अशा ठिकाणी लहान दुग्धप्रकल्प उभारताना सर्वात खर्चिक यंत्रांपैकी एक म्हणजे होमोजिनायझर. त्याची निवड बहुधा किमतीवरून होते. वास्तविक ती विकावयाच्या दुधावरून व्हावयास हवी.

दुधातील स्निग्धांशाचे कण साधारणपणे तीन-चार मायक्रॉनचे असतात. ते वर तरंगतात आणि साय धरते. फ्रान्सच्या ऑगुस्त गोलँ यांनी १८९९ मध्ये पेटंट घेतलेल्या या यंत्रात ६० ते ७० अंश सेल्सिअस तापमानाचे दूध प्रचंड दाबाने अतिशय अरुंद फटीतून ढकलले जाते. कण फुटून एक मायक्रॉनच्या आसपास येतात आणि दुधात विखुरलेले राहतात. फुटलेले कण पुन्हा एकमेकांना चिकटू नयेत, म्हणून दुसरा, कमी दाबाचा टप्पा असतो.

प्रश्न असा की ग्राहकाला हे हवे आहे काय? दूध तापवून साय साठवणाऱ्या आणि तिचे तूप कढवणाऱ्या घरांना असे दूध ‘पातळ’ वाटते, मग त्यातील स्निग्धांश पुरेसा का असेना. उलट दही घट्ट लागते आणि चहाला दाटपणा येतो. पनीरसाठी मात्र असे दूध सोयीचे नाही. त्याचा गोळा मऊ राहतो. मुख्य विक्री पनीर-तुपाची असेल, तर यंत्र न घेणेच शहाणपणाचे.

दाबाचा आकडा मोठा म्हणजे यंत्र सरस, हा समज विक्रेत्यांच्या सोयीचा आहे. पिशवीतील दुधासाठी १५० ते २०० बार पुरेसे होतात. ताशी ५,००० लिटर दुधाला २०० बार दाब देण्यास सुमारे ३५ किलोवॅट वीज लागते. टोन्ड दुधातील ३ टक्के स्निग्धांश आधी १२ टक्क्यांच्या मलईत वेगळा काढून केवळ तीच यंत्रातून नेली, तर ताशी साधारण १,२५० लिटरचे यंत्र भागवते आणि विजेचा भार चौथाईवर येतो. मलई याहून दाट असल्यास कण पुन्हा गुठळ्या धरतात. त्यासाठी मलई विलगक यंत्र मात्र हवेच.

सर्वाधिक दक्षता क्षमतेबाबत घ्यावी लागते. होमोजिनायझर हा मुळात पंपच असल्याने दुधाचा वेग तोच ठरवतो. पाश्चरीकरणात दूध ७२ अंशांवर किमान १५ सेकंद राहणे आवश्यक असते. यंत्र संयंत्राच्या क्षमतेहून मोठे असले, तर ते दूध भराभर ओढते, हा अवधी घटतो आणि रोगजंतू जिवंत राहण्याचा धोका उद्भवतो. जादा दूध यंत्राच्याच तोंडाशी परत आणणारी नळी यासाठी बसवतात. भविष्यातील वाढ गृहीत धरून दुप्पट क्षमतेचे यंत्र घेणाऱ्यांनी हे विशेष ध्यानी ठेवावे.

झडपा आणि दट्ट्याची सीले झिजतातच. ती जवळच्या शहरात मिळतात काय, हे खरेदीपूर्वीच विचारावे. झीज दाबमापकावर दिसेलच असे नाही. दूध थंड जागी ४८ तास न हलवता ठेवून वरच्या थरातील आणि उरलेल्या दुधातील स्निग्धांश तपासावा. तफावत दहा टक्क्यांहून अधिक आढळल्यास झडप उघडून पाहावी.