जनावर का खवळते?

खोंड वयात आला की दावे तोडतो, माणसावर शिंगे रोखतो. मग आपण त्याला खच्ची करून घेतो. पुढे तोच खोंड औताला निमूट चालू लागतो. मंडळी, हे कशाने होते? कोणी म्हणते, दृष्ट उतरली. तसे नाही. राग मेंदूत उपजतो, आणि शरीरात तयार होणारे रस मेंदूवर अंमल चालवतात.

१८४९ साली जर्मनीत बेर्टोल्ड नावाच्या प्राध्यापकाने हे कोंबड्यांवर पाहिले. त्याने काही कोंबड्यांचे अंड काढले. ते कोंबडे ना आरवले, ना झुंजले. दुसऱ्या काही कोंबड्यांचे अंड काढून त्यांच्या पोटात बसवले. ते मात्र आरवले आणि झुंजलेही! अंडाच्या जुन्या नसा तर तुटल्या होत्या. म्हणजे काहीतरी रक्तातून मेंदूपर्यंत पोचत होते. १९३५ साली तो रस वेगळा काढता आला. त्याचे नाव टेस्टोस्टेरॉन.

आता दुसरी गोष्ट ऐका. १९५९ साली रशियात, सैबेरियात, बेल्याएव नावाच्या शास्त्रज्ञाने कोल्हे पाळले. हे कोल्हे माणूस दिसला की दात विचकत. त्यातले जे जरा शांत, त्यांचीच वीण त्याने वाढवली. दर पिढीला अशीच निवड केली. काही पिढ्यांतच पिल्ले शेपटी हलवू लागली, हात चाटू लागली. तपासले तेव्हा या माणसाळलेल्या कोल्ह्यांच्या मेंदूत सेरोटोनिन नावाचे द्रव्य जास्त निघाले. हे द्रव्य रागाला लगामासारखे असते. पण एकट्या लगामाने गाडी चालत नाही. वीण, भीती, दुखणे आणि आपली वागणूक, हे सारे मिळून जनावराचा स्वभाव घडतो.

यातून आपण काय घ्यावे? पैदाशीसाठी वळू निवडताना अंगाबरोबर स्वभावही पाहावा. बुजलेल्या जनावराला काठीने मारू नये. भ्यालेल्या जनावराच्या रक्तात दुसराच रस उसळतो, तो ओसरायला वेळ द्यावा.

आणि एक गोष्ट कधी विसरू नका. गरीब कुत्रे एकाएकी चावरे झाले, तर पिसाळ रोग त्याच्या मेंदूत शिरला असेल. ते चावले तर जखम वाहत्या पाण्याने व साबणाने १५ मिनिटे धुवा. मंत्र-गंड्यात वेळ दवडू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठून लस घ्या. रोग एकदा माणसाच्या मेंदूत पोचला की मग औषध चालत नाही.