फेंटॅनिलला नुसता हात लागला तर?

2021 च्या ऑगस्टमध्ये सॅन दिएगोच्या शेरिफ खात्याने एक व्हिडिओ टाकला. पकडलेली पांढरी पूड तपासताना एक तरुण अधिकारी धाडकन मागे कोसळतो, सहकारी त्याच्या नाकात नालोक्सोनचा स्प्रे मारतो. फेंटॅनिलच्या नुसत्या जवळ गेल्याने तो मरता मरता वाचला, असं सांगितलं गेलं. विषतज्ज्ञांनी लगेच हरकत घेतली: असं होत नाही.

का नाही? फेंटॅनिलचे पॅच असतात, कॅन्सरच्या वेदनांवर वापरतात. ते खास कातडीतून औषध आत जावं म्हणूनच बनवलेले. तरी पूर्ण परिणाम व्हायला कित्येक तास लागतात. 2017 मध्ये अमेरिकेतल्या विषतज्ज्ञांच्या दोन संघटनांनी हिशेबच मांडला. दोन्ही तळहात पॅचने झाकले, तरी 100 मायक्रोग्रॅम, म्हणजे हॉस्पिटलात वेदना कमी करायला देतात तेवढा डोस, अंगात जायला साधारण 14 मिनिटं लागतील. कोरडी पूड तर पॅचइतकीही आत शिरत नाही. आणि हवेतून? औषधनिर्मितीच्या ठिकाणी मोजलेल्या सर्वात जास्त प्रमाणात मास्कशिवाय उभं राहिलं, तर तेवढ्याच डोसला 200 मिनिटं.

मग ही माणसं पडतात कशी? बातम्यांमधली लक्षणं बघा: छातीत धडधड, धाप, मुंग्या, चक्कर. फेंटॅनिलचं बरोबर उलटं असतं. श्वास मंदावतो, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, ओठ निळे पडतात, हाक मारली तरी माणूस उठत नाही. धडधड आणि धाप ही बहुतेकदा घाबरल्याची लक्षणं. ते नाटक नव्हे. भीतीने माणूस खरंच कोसळतो.

फेंटॅनिल निरुपद्रवी आहे असं मुळीच नाही. 2022 मध्ये अमेरिकेत अशा कृत्रिम ओपिऑइड्समुळे 70 हजारांहून जास्त लोक गेले. पण ते गेले धूर ओढून किंवा पोटात, नाकात, शिरेत घेऊन. पार्टीत कुणीतरी दिलेली ‘झॅनॅक्स’ची नकली गोळी, हा तुमच्या-आमच्या वयाच्या मुलांना असलेला खरा धोका.

हात लागण्याच्या भीतीने वेगळंच नुकसान होतं. रूममेट बाथरूममध्ये निपचित पडलाय, आणि आपण दारातच थबकतो. श्वास बंद असेल तर मेंदूकडे मोजकी मिनिटंच असतात. अमेरिकेत असाल तर 911 लावा, नालोक्सोन द्या (2023 पासून ते चिठ्ठीशिवाय मिळतं), येत असेल तर कृत्रिम श्वास द्या. हाताला पूड लागलीच तर नंतर साबण-पाण्याने धुवा. सॅनिटायझर नको, अल्कोहोलने ती कातडीत शिरायला उलट मदत होऊ शकते.