नागरिकत्वाचे खटले : अमेरिकी निकालांचा एक आढावा

भगतसिंग थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकी लष्करात होते. ओरेगनच्या न्यायालयाने १९२० साली त्यांना नागरिकत्व दिले, सरकार त्याविरुद्ध वर गेले आणि १९ फेब्रुवारी १९२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सरकारचे म्हणणे उचलून धरले. हिंदुस्थानी माणूस कायद्याच्या दृष्टीने ‘गोरा’ नाही, सबब तो अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नाही! अन्यायाचा नमुना म्हणून हा निकाल नेहमी सांगितला जातो. त्याच्या मागचेपुढचे निकाल मात्र फारसे कोणी वाचत नाही, आणि शिकण्यासारखे खरे तिथेच आहे.

गोऱ्या वर्णाची अट १७९० च्या कायद्यातली. १८७० मध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांना त्यात जागा मिळाली. आशियाई माणूस मात्र अधांतरी राहिला. मग जसा न्यायाधीश तसा न्याय. मुंबईचे पारशी व्यापारी भिकाजी बलसारा यांचे नागरिकत्व १९१० मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल अपील न्यायालयाने कायम केले होते.

नोव्हेंबर १९२२ मध्ये ताकाओ ओझावा यांचा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. वीस वर्षे अमेरिकी भूमीवर राहिलेला, घरात इंग्रजी बोलणारा हा जपानी गृहस्थ. न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी लिहिले की कातडीचा रंग ही कसोटी नव्हे. गोरा म्हणजे कॉकेशियन. थिंड यांच्या वकिलांनी हाच धागा पकडला. त्या काळचे मानववंशशास्त्र उत्तर हिंदुस्थानातल्या लोकांना कॉकेशियनच म्हणत होते. अवघ्या तीन महिन्यांनी त्याच सदरलँड यांनी शास्त्र बाजूला सारले आणि सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा, असे ठरवले. ते स्वतः इंग्लंडात जन्मलेले आणि लहानपणी अमेरिकेत आलेले होते, हे ठाऊक झाल्यावर तो निकाल वाचताना जास्तच बोचतो.

यानंतर सरकारने आधी नागरिक झालेल्या हिंदुस्थानींचीही नागरिकत्वे काढून घ्यायला सुरुवात केली. कॅलिफोर्नियात तर ज्याला नागरिक होता येत नाही त्याला शेतजमीनही घेता येत नव्हती. सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी वैष्णो दास बगाई यांनी नागरिकत्व गमावल्यावर १९२८ मध्ये आत्महत्या केली.

या लाटेला अडवले ते सखाराम गणेश पंडित यांनी. थिंड यांच्या बाजूच्या वकिलांमध्ये ते होते आणि १९१४ पासून स्वतःही अमेरिकी नागरिक होते. सरकार त्यांच्यावर उलटले, तेव्हा आपण गोरे आहोत की नाही या वादावर त्यांची मदार नव्हती. तो वाद थिंड खटल्यात हरलेलाच होता. १९१४ साली सक्षम न्यायालयाने हा प्रश्न एकदा निकालात काढला आहे, तो पुन्हा उकरता येणार नाही, हा त्यांचा मुद्दा. आपल्याकडच्या वकिलांना प्राङ्न्याय म्हणून पाठ असलेले हे तत्त्व. या नागरिकत्वाच्या भरवशावर आपण वकिली उभारली, लग्न केले, मालमत्ता घेतली, हेही त्यांनी मांडले. १९२६ मध्ये अपील न्यायालयाने त्यांचे नागरिकत्व राखले, १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा अर्ज दाखलच करून घेतला नाही आणि सरकारने असे उरलेले दावे सोडून दिले. माणुसकीच्या आवाहनाने जे साधले नव्हते, ते प्रक्रियेच्या एका रुक्ष नियमाने साधले. म्हणून मला पंडितांचा खटला थिंडपेक्षा मोठा वाटतो.

थिंडचा निकाल पुढे निष्प्रभ केला तो अमेरिकी काँग्रेसने. १९४६ च्या कायद्याने भारतीयांना नागरिक होण्याची मुभा आणि वर्षाला जेमतेम शंभरांचा कोटा मिळाला. १९५२ मध्ये वंशाची अटच गेली.

या साऱ्यापासून वेगळा उभा आहे तो १८९८ चा वाँग किम आर्क खटला. सॅन फ्रान्सिस्कोत चिनी आईबापांच्या पोटी जन्मलेला हा तरुण चौदाव्या घटनादुरुस्तीनुसार जन्माने नागरिक ठरला. २० जानेवारी २०२५ च्या अध्यक्षीय आदेशाने याच तत्त्वाला हात घातला. आई तात्पुरत्या व्हिसावर आणि वडील नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक नसतील, तर तिथे जन्मलेले मूल नागरिक नाही, असे त्यात म्हटले आहे. एच-१बी व्हिसावरच्या कितीतरी मराठी घरांना हे थेट लागू पडणारे होते. २७ जून २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी हा आदेश रोखणाऱ्या जिल्हा न्यायाधीशांच्या देशव्यापी मनाई हुकमांवर मर्यादा घातली, तेव्हा अनेक बातम्यांतून आदेशच वैध ठरल्याचा समज पसरला. जन्मसिद्ध नागरिकत्वाच्या मूळ प्रश्नावर त्या निकालाने मतच दिलेले नव्हते. सामूहिक दाव्याची वाट तर त्याने खुलीच ठेवली होती. १० जुलैला न्यू हॅम्पशायरच्या फेडरल न्यायालयाने त्याच वाटेने, अशा सर्व बालकांना एक वर्ग मानून, आदेश पुन्हा रोखला.