चित्रपटाचे ध्वनिमिश्रण

आपण चित्रपट ‘पाहावयास’ जातो असे म्हणतो. ‘ऐकावयास’ जातो असे कोणी म्हणत नाही. तरीही चित्र जरा अंधुक असले तर आपण चालवून घेतो, आणि संवाद ऐकू आला नाही की लगेच चुळबुळ सुरू होते. तो संवाद आपल्या कानापर्यंत कसा पोचतो, याची येथे थोडी ओळख करून देण्याचा आमचा विचार आहे.

चित्रण आणि संकलन आटोपले म्हणजे चित्रपट पुरा झाला असे नव्हे. संवाद, संगीत आणि पावले, भांडी, पाऊस, दूरची आगगाडी असे इतर आवाज निरनिराळे साठविलेले असतात. त्यांतील काही तर चित्रणाच्या जागचे नसतातच. ध्वनिकलावंत पडद्याकडे पाहत स्टुडिओत चालतो, कपबशी ठेवतो, आणि तो आवाज चित्राशी जुळवितात. हे सारे एकत्र करून कोणी केव्हा पुढे यावे आणि कोणी मागे राहावे हे ठरविणे, याचेच नाव ध्वनिमिश्रण.

मोरीतला नळ सोडलेला असला की शेजारच्या खोलीतील हाक ऐकू येत नाही, हा आपला रोजचा अनुभव. मोठा आवाज लहान आवाजाला झाकून टाकतो. संवाद संगीताखाली बुडाला म्हणून संवाद वाढविला, की मग संगीत फिके वाटते. ते वाढवावे तर पुन्हा संवाद बुडतो. म्हणून जाणकार वाढविण्यापेक्षा कमी करण्याकडे वळतो. शिवाय तासन्‌तास ऐकून कान थकतो आणि फसतो. यासाठीच चित्रपटगृहाच्या मिश्रणात ध्वनिवर्धकांची पातळी चाचणीच्या आवाजाने आधीच बांधून ठेवतात. तिचे रूढ माप ८५ डेसिबल आहे.

मोठ्या संस्थेच्या पाठबळावाचून चित्रपट काढणाऱ्याची खरी कसोटी येथेच लागते. हे काम सर्वांत शेवटी येते आणि तोवर थैली रिकामी झालेली असते. मग उणिवा झाकण्यासाठी सगळीकडे संगीत पसरण्याचा मोह होतो.

सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’ची हकिगत या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. पैशांअभावी चित्रण वारंवार थांबले. अखेर पश्चिम बंगाल सरकारने हात दिला. १९५५ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात चित्रपट दाखवावयाचा असल्याने शेवटची कामे रात्रंदिवस चालली. रविशंकरांचे संगीत एका रात्रीच्या बैठकीत ध्वनिमुद्रित झाले. तरी त्या घाईत विवेक सुटला नाही. परगावाहून परतलेला हरिहर मुलीसाठी आणलेली साडी पुढे करतो. मुलगी गेली आहे हे त्याला ठाऊक नसते. सर्वजयेला रडू कोसळते; पण तिचे रडणे आपल्याला ऐकू येत नाही. त्या जागी दक्षिणामोहन टागोरांच्या तारशहनाईचे पटदीपातील उंच सूर येतात. रडण्याचा आवाज काढून टाकला, म्हणूनच ते दुःख प्रेक्षकाच्या मनात इतके खोल उतरले.

आज संगणकावर शेकडो ध्वनी एकत्र करता येतात आणि ते घरीही साधते. साधने स्वस्त झाली. पण कोणता आवाज वगळावा हे यंत्र सांगत नाही. ते आजही चित्रपटकाराच्या कानालाच ठरवावे लागते. पुढच्या खेपेस चित्रपटगृहात श्रोत्यांनी पाच मिनिटे डोळे मिटून बसावे. या कामाचे मोल त्यांना आपोआप कळेल.