साखरेचा जिल्हा, बधिर पावले

विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीने उभारलेला प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० साली सुरू झाला. त्यामागोमाग नगर जिल्ह्याचे रूप पालटले. १९८४ साली लोणीसारख्या गावात वैद्यकीय महाविद्यालय आले. २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. आज इथे ‘साखर किती?’ असे कुणी विचारले, तर तो उताऱ्याबद्दल विचारतोय की रक्ताबद्दल, हे पाहावे लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींवर मधुमेही आहेत.

बँकेत असताना उसाचे बिल जमा झाले की आमच्या शाखेत रांग लागे. एकदा फरशीवर रक्ताचे ठसे दिसले. एका जुन्या खातेदाराच्या चपलेतून बाभळीचा काटा तळव्यात घुसला होता, आणि त्यांना पत्ताच नव्हता. दुखत नाही म्हणजे बरे आहे, असे आपण समजतो. इथे न दुखणे हेच दुखणे! वाढलेली साखर वर्षानुवर्षे मज्जातंतू आणि त्यांना पोसणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या पोखरते. सर्वांत लांब तंतू पायाचे, म्हणून सुरुवात बोटांपासून. पुढे स्मरणशक्तीलाही झळ लागू शकते.

यावर प्रकाशाचा उपाय सुचला, त्याचे मूळ बुडापेस्टमध्ये. १९६७ साली एन्द्रे मेस्टर यांनी उंदरांवर मंद लेसर सोडला, तर भादरलेले केस लवकर उगवले. लाल व अवरक्त प्रकाश पेशींतील ऊर्जाकेंद्रांना चालना देतो, असे मानतात. मात्र घरी वापरायच्या अवरक्त उपकरणाची अमेरिकेत चाचणी झाली, तेव्हा ते खोट्या उपकरणाहून सरस ठरले नाही. हा निष्कर्ष २००८ चा. नाकावाटे इन्सुलिन देऊन विस्मरण रोखण्याच्या मोठ्या चाचणीतही, २०२० साली, अपेक्षित गुण दिसला नाही. प्रकाश आणि इन्सुलिन यांची जोड ही आज आशा आहे, उपचार नव्हे.

दामदुपटीचे वचन देणाऱ्याकडे बँकवाला आधी तारण मागतो. ‘दिवा लावा, सुई सोडा’ म्हणणाऱ्याकडेही पुरावा मागावा. १९२२ साली टोरांटोत पहिल्यांदा रुग्णाला टोचलेल्या इन्सुलिनने असंख्य जीव वाचवले. ते मनाने बंद करणे म्हणजे जिवाशी खेळ.

तोवर वर्षातून एकदा डॉक्टरांकडून नायलॉनच्या धाग्याने तळव्याची संवेदना तपासून घ्यावी. आणि रोज रात्री दिवा जवळ ओढून, आरसा धरून, आपले तळपाय पाहावेत. प्रकाशाचा एवढा उपयोग तर आजच, फुकट, प्रत्येक घरात होऊ शकतो.