अपवाद कोणासाठी? बँकांचा बचाव आणि औषधांचा जागतिक व्यापार

प्रस्तावना :
बाजारपेठेचे नियम सर्वांनी पाळावेत, असा शासनाचा आग्रह असतो. मात्र संकटकाळी तेच शासन नियमाला अपवाद करते. हा अपवाद कोणासाठी व किती तत्परतेने केला जातो, यावरून धोरणाचा अग्रक्रम स्पष्ट होतो. प्रस्तुत लेखात बँकांचा बचाव आणि औषधांचा जागतिक व्यापार या दोन क्षेत्रांचा या दृष्टीने विचार केला आहे.

बँकांचा बचाव :
१५ सप्टेंबर २००८ रोजी लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी गुंतवणूक बँक दिवाळखोरीत निघाली. २९ सप्टेंबरला अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने बचावाचे विधेयक फेटाळले. परंतु ३ ऑक्टोबरला ते संमत होऊन ७०० अब्ज डॉलरपर्यंतच्या साहाय्यास कायद्याचा आधार मिळाला. मूळ योजना बँकांची संकटग्रस्त मालमत्ता विकत घेण्याची होती. ती बाजूला ठेवून शासनाने बँकांचे अग्रहक्क भाग खरेदी केले. त्यांपैकी १२५ अब्ज डॉलर नऊ मोठ्या बँकांसाठी होते. बँका कोसळल्यास ठेवी, पतपुरवठा व रोजगार धोक्यात येतील, हा युक्तिवाद निराधार नव्हता. बँकांत गुंतवलेली रक्कम पुढे लाभासह वसूलही झाली. तथापि घरे गमावणाऱ्या कर्जदारांना मिळालेले साहाय्य त्या मानाने अल्प होते.

औषधांचा व्यापार :
१९७० च्या भारतीय पेटंट कायद्यात औषधांच्या केवळ निर्मितिप्रक्रियेस पेटंट मिळत असे. त्यामुळेच २००१ मध्ये मुंबईची सिप्ला कंपनी एचआयव्हीवरील तीन औषधांचा एकत्रित उपचार प्रतिरुग्ण वार्षिक ३५० डॉलरमध्ये देऊ शकली. पाश्चात्त्य कंपन्यांचा दर त्या सुमारास दहा हजार डॉलरच्या घरात होता. ट्रिप्स करारानुसार भारताने २००५ पासून उत्पादनासही पेटंट देण्यास प्रारंभ केला.

या करारात सक्तीच्या परवान्याची तरतूद आहे. परंतु असे उत्पादन मुख्यतः देशांतर्गत बाजारपेठेसाठी असावे, अशी अट आहे. ज्या देशांत औषधनिर्मितीची क्षमताच नाही, त्यांना या तरतुदीचा उपयोग होत नाही. २००१ च्या दोहा जाहीरनाम्याने ही अडचण मान्य केली. २००३ मध्ये निर्यातीची विशेष पद्धती ठरली. मात्र ती इतकी किचकट होती की तिच्याद्वारे औषधे पोहोचल्याचे ठळक उदाहरण म्हणून रुवांडाला २००८ मध्ये कॅनडातून झालेल्या निर्यातीचाच उल्लेख केला जातो.

ऑक्टोबर २०२० मध्ये भारत व दक्षिण आफ्रिका यांनी कोविड काळापुरती बौद्धिक संपदेच्या नियमांतून सूट मागितली. १७ जून २०२२ रोजी झालेला निर्णय लशींपुरता मर्यादित राहिला. चाचण्या व औषधे त्यातून वगळली गेली.

तुलना व निष्कर्ष :
पहिल्या प्रसंगी अठरा दिवस, तर दुसऱ्या प्रसंगी वीस महिने लागले. बँकांबाबत एका राष्ट्राने स्वतःच्या संसदेत बहुमताने निर्णय घेतला. जागतिक व्यापार संघटनेत मात्र सर्व सदस्यांची सहमती आवश्यक ठरते. हा भेद खरा असला तरी तो पुरेसा नाही. सहमती अडून राहिली, तिला काही संपन्न राष्ट्रांची निवडही कारणीभूत होती. बँकेची पडझड त्यांच्याच घरात होती. लशीविना राहिलेले रुग्ण बहुतांशी परक्या देशांतील होते.

म्हणून अपवादाच्या अटी संकट येण्यापूर्वीच ठरणे आवश्यक आहे. महासाथ घोषित होताच निर्यातीवरील बंधन आपोआप शिथिल व्हावे, अशी कायमची तरतूद झाल्यास रुग्णाचे जीवित वाटाघाटींच्या गतीवर अवलंबून राहणार नाही.