श्रोत्यांविना गाणं : माजलगावच्या ओव्या आणि एक एकटा ट्रंपेट

जात्यावरची ओवी म्हणजे कागदावर जेमतेम दोन ओळी. वहीत उतरवायला वेळ लागत नाही. पण तीच ओवी बाई गाऊ लागली की अर्धी ओळ मागे जाते, पुन्हा येते, मध्येच ‘बाई’ नाहीतर ‘गं’ शिरतं, आणि दोन ओळींचा पसारा ऐसपैस होतो. हा पसारा वहीत मावत नाही. त्यासाठी टेपच लागते.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्याच्या ‘सेंटर फॉर कोऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस’मधून खेड्यापाड्यांतल्या लाखाहून अधिक ओव्या लिहून काढल्या. ध्वनिमुद्रण मात्र सुमारे 120 तासांचं. नव्वदच्या दशकात संगीत-अभ्यासक बर्नार बेल या कामात आले आणि शब्दांच्या जोडीला गळेही जमा होऊ लागले. (चालीला बायका ‘गळा’ म्हणतात.) 1996 मध्ये ही मंडळी बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरात पोचली. पार्वती भादरगे, वाल्हाबाई टाकणखार, राधा बोऱ्हाडे अशा बायकांनी तिथे बाबासाहेबांवरच्या ओव्या गायल्या. पहिली ओवी, दुसरी ओवी असं मोजत देवांची नावं घ्यायची रीत जुनी. इथे त्याच मोजणीत भीमराव आणि बुद्ध आले. साचा जुनाच, त्यात बसवलेली माणसं नवी. ‘प्रयोगशील’ हा शब्द आपण शहरातल्या संगीतासाठी राखून ठेवतो, तो इथे वापरायला कुणाची हरकत नसावी.

स्टुडिओ नाही, साथ नाही, समोर टाळ्या वाजवणारं कुणी नाही. विजेच्या गिरण्या आल्या तसं दळण जात्यावरून उठलं होतं, त्यामुळे पुष्कळ ठिकाणी बायका आठवून गायल्या.

अशा एकट्या संगीताचं दुसरं टोक अमेरिकेत सापडतं. ट्रंपेटवादक बिल डिक्सन (1925–2010) हे 1964 मध्ये न्यूयॉर्कला ‘ऑक्टोबर रेव्होल्यूशन इन जॅझ’ हा महोत्सव भरवून गाजले, मग व्हरमाँटमधल्या बेनिंग्टन कॉलेजात शिकवायला गेले आणि मंचावरून बरेचसे दिसेनासे झाले. वाजवणं चालूच होतं. 1970 ते 1976 दरम्यानचं त्यांचं एकट्याचं वादन टेपवर साठत गेलं. 1985 मध्ये ते ‘कलेक्शन’ या नावाने दोन तबकड्यांत निघालं. पुढे 2001 मध्ये ‘ओडिसी’ हा सहा सीडींचा संच आला. लग्नाच्या बँडमधला खणखणीत ट्रंपेट डोक्यात ठेवून ही मुद्रणं ऐकली तर दचकायला होतं. सूर लागण्याआधीची फुंकर, खालच्या सप्तकातली घरघर, लांबलेली शांतता, सगळं जसंच्या तसं. वादक श्रोत्याला रिझवायला बसलेलाच नाही.

तुलना इथवरच ताणावी. डिक्सन यांनी एकांत काही अंशी स्वतः पत्करला होता. पहाटे जात्यावर बसणाऱ्या बाईला कुणी विचारलं नव्हतं. तिथे ओवी हाच मोकळं बोलायचा अवसर.

2017 पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या ओव्या शब्द, भाषांतर आणि आवाजासह प्रकाशित करत आहे. लोकगीतांच्या ध्वनिफितींवर एरवी ‘पारंपरिक’ एवढंच छापून मोकळं होण्याची पद्धत. इथे गाणारीचं नाव आहे, गाव आहे, तालुका आहे. माजलगाव, जिल्हा बीड.